लाल कापड कोण टांगणार

ग्वेई काकूंचा मुलगा चांगशुन जाऊन आठवडा उलटला होता, तरी अजून त्याला ना माती मिळाली होती ना आग. गावाच्या वेशीबाहेर, ताडपत्रीखाली, बर्फाच्या पेटीत तो पडून होता आणि भोवती पुरुष पाळीपाळीनं पहारा देत होते. बाहेर मेलेल्याला गावात आणायचं नाही, ही श्यातान गावची जुनी रीत. सरकारी माणसं प्रेत उचलून विजेच्या भट्टीत घालतील, ही नवी भीती. दोन्हींच्या मध्ये बिचारा चांगशुन.

जिवंतपणीही तो मध्येच उभा असायचा. गावच्या खाजणात पिढ्यान् पिढ्या कालवं पिकायची. ते खाजण सरकारी कचेरीनं परस्पर एका कंपनीला देऊन टाकलं. रेतीच्या बोटी यायच्या आणि भरावासाठी कालवांच्या डोक्यावर रेती ओतून जायच्या. चांगशुन आपली होडी आडवी घालून त्या अडवायचा. एका पहाटे धुक्यात तसाच गेला. भरतीबरोबर परत आला तो होडीच्या फळ्यांसोबत.

कचेरीनं लगेच माणूस हजर केला. झेंगहाई नावाचा, रेतीबोटीवरचा पोरगा. म्हणे, धुक्यात दिसलं नाही, धडक बसली. कबूलही झाला. गावात मात्र कुणाचाच विश्वास बसेना. कचेरीतले पांग साहेब सूर्य उगवला म्हणाले असते, तरी श्यातानच्या लोकांनी आधी बाहेर जाऊन बघितलं असतं.

"विकतचा पोरगा आहे तो, वहिनी," धाकटे दीर शानबो म्हणाले. "खून आहे सरळ सरळ."

"तुम्ही होतात तिथं?"

"नव्हतो, पण..."

"मग गप बसा. तो बोटवाला म्हणतो दिसलं नाही. तुम्हालाही दिसलं नाही. ज्याला दिसलं नाही त्यालाच सगळं ठाऊक, अशी तऱ्हा झालीय या गावाची."

शानबोंनी मान खाली घातली. काकू लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून त्यांच्यासमोर ती खालीच होती म्हणा.

पण काकूंच्या मनात एक काटा रुतून बसला होता. लाल आलं नव्हतं. त्या किनाऱ्यावर कुणाच्या हातून चुकून माणूस मेला, तर मारणाऱ्याच्या घरातलं थोरलं माणूस दिवसाढवळ्या येतं, मेलेल्याच्या दारावर लाल कापड टांगतं, फटाके उडवतं आणि वाकून निघून जातं. मग वैर संपलं. मेलेल्याचा रागही संपला. कुणाचं कुत्रं गाडीखाली आलं तरी लोक लाल घेऊन येतात. मग इथं तर सोन्यासारखा माणूस गेला होता. गुन्हा कबूल करणाऱ्या पोराची आई बसली होती कुठं?

पांग साहेब रोज कागद घेऊन यायचे. "काकू, एवढा अंगठा द्या. अपघात म्हणून लिहिलंय. त्यालाही शांती मिळेल."

"त्याची शांती त्याच्या आईला कळते. तुम्ही तुमची बघा."

एका सकाळी कुणाला न सांगता काकू फेरीबोटीत बसल्या आणि खाडी ओलांडून झेंगहाईच्या गावी गेल्या. त्याची आई लियान अंगणात मासे वाळत घालत होती. काकूंनी नाव सांगितलं, तशी तिच्या हातातली सुरमई खाली पडली. तरी बाई रीतीची. आत नेऊन बसवलं, बारीक शेवयांचा वाडगा समोर ठेवला, वर दोन अंडी. काकूंनी खाल्ल्या. ज्या घराशी वैर धरायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही, तिथं उपाशी बसण्यात काय अर्थ? मीठ कमी होतं.

"लाल कधी आणतेस?" वाडगा खाली ठेवून काकूंनी विचारलं.

"पाय दुखतात हो, आक्का."

"माझ्याहून दहा वर्षांनी लहान दिसतेस. आणि बोट काय पायानं चालते?"

"घरात कापडही नाही तसलं."

काकूंनी पिशवीतून लाल कापड काढून तिच्यापुढे धरलं. "हे घे. माझ्या दारावर लावायचं कापड मीच पुरवते. याहून काय सोपं करू तुझ्यासाठी?"

तापल्या तव्याला हात लागावा तशी लियान मागे सरली. "नको, आक्का. माझ्या नातवाला अजून दात नाही आले. परक्याचं मरण माझ्या घरावर नका घालू."

"परक्याचं? तुझ्याच पोरानं मारला ना त्याला?"

लियान रडायला लागली. काकूंनी रडू दिलं. त्यांना घाई नव्हती, फक्त ऐकायचं होतं.

"तुरुंगातून माणूस सुटून येतो," शेवटी ती म्हणाली. "पण न मारता लाल टांगलं, तर ते मरण आपल्याच घराला चिकटतं, त्यातून कुणी सुटत नाही. त्या पहाटे पोरगा इथं होता. मी स्वतः त्याला रताळ्याची पेज वाढली. दुपारी माणसं आली आणि घेऊन गेली. बोट कोण चालवत होतं ते मला ठाऊक नाही. विचारलं तर म्हणाला, आई, तू विचारू नकोस. चारचौघांत मी हे बोलणार नाही, आक्का. मला पोरगा परत हवाय."

"तुला बोलायला सांगितलं कुणी?" काकूंनी कापडाची घडी केली. "शेवयांत मीठ घालत जा."

घरी आल्यावर शानबोंनी गाठलंच. "कुठं होतात, वहिनी? काय कळलं?"

"खाडीपलीकडे सुरमई स्वस्त आहे."

आता त्यांना ठाऊक होतं कुणी मारलं नाही ते. कुणी मारलं, हे कळायचं बाकी होतं. आणि ते कळल्याशिवाय अंगठा उठणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी पांग साहेब ड्रायव्हर आणि कारकून घेऊन आले. काखेत कागद, हातात फटाक्यांची माळ आणि लाल कापड. चांगलं रेशमी.

"काकू, त्या पोराची आई आजारी आहे. तिच्या वतीनं आम्हीच लाल आणलंय. आता तुमचीही काही तक्रार उरायला नको."

अंगणात गाव गोळा झालं. काकूंनी सुनेला स्टूल आणायला सांगितलं आणि स्वतः ते दाराखाली नीट बसवलं, डुगडुगतंय का तेही हलवून बघितलं.

"चढा," त्या म्हणाल्या. "कोण चढतंय?"

पांग साहेबांनी कापड कारकुनापुढे धरलं. कारकुनाला नेमका फोन आला. ड्रायव्हर गाडीचं चाक बघायला वाकला, तो वाकलेलाच राहिला. तिघेही याच किनाऱ्यावरचे. आईच्या दुधाबरोबर ही रीत प्यायलेले.

"नुसती रीत तर आहे," पांग साहेब म्हणाले.

"मग लावा की. उंच आहात, स्टूलही नको तुम्हाला."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. मग वेशीकडे, ताडपत्रीच्या बाजूला. हात अर्धा उचलला आणि खाली घेतला. रेशमी कापडाची त्यांनी घडी घातली, उलगडली, पुन्हा घडी घातली.

"वारा फार आहे आज," ते म्हणाले.

"वाऱ्याचं काय, पडेल. मी इथंच आहे." काकू दाराच्या उंबऱ्यावर बसल्या. "तुमच्या वरच्यांनाही सांगा. कंपनीवाल्यांनाही सांगा. ज्याला हे कापड न घाबरता लावता येईल, त्यानं यावं. त्याचा चेहरा बघितला की अंगठा देते."

गाडी गेली. स्टूल तिथंच राहिलं.

"भावजी," काकू म्हणाल्या, "बर्फ मागवा."