पाठ फिरवून ऐकलेलं इंग्रजी

तेहेतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण उत्कर्षाइतकं माझं डोकं कुणी फिरवलं नाही. मुलगी गुणी. मूळची वर्ध्याची, आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. खराडीच्या एका कंपनीत परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलायची नोकरी तिला हवी होती. आधीच्या दोन मुलाखतींत आपटली होती. ही तिसरीही गेली, तर वडील तिला वर्ध्याला परत नेणार होते.

दोन महिने रोज संध्याकाळी ती माझ्यासमोर बसली. मी सांगून सांगून थकले. वर्ध्यातलं दुकानातलं काम सोडलंस ना, मग तिथे साधा भूतकाळ, 'आय वर्क्ड'. इथल्या दवाखान्यात दोन वर्षं रिसेप्शनवर आहेस, अजूनही आहेस, तिथे 'आय हॅव वर्क्ड'. वहीत सगळं बरोबर यायचं. तोंड उघडलं, की 'आय हॅव...' म्हणून गप्प, आणि डोळे माझ्या चेहऱ्यावर. मग माझा आवाज चढायचा. अगं, काम संपलंय की चालू आहे, हे तुला ठाऊक नाही तर काय मला ठाऊक असणार?

मुलाखतीच्या आदल्या दिवशी माझ्या टाळक्यात एकदाचा उजेड पडला. ही बया काळ शोधतच नव्हती, माझ्या कपाळावरच्या आठ्या वाचत होती. शरमच वाटली मला. खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हटलं, आता बोल, मी हूं की चूं करणार नाही.

दवाखान्यातल्या गमती सांगायला लागली. पहिल्या दोन मिनिटांत चार क्रियापदं चुकली. मी पदराचा बोळा तोंडात धरून बसले. पण ती थांबली नाही, आणि पुढे पुढे काळ आपसूक जागेवर यायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. निवड झाली होती. आनंद तर झालाच, पण जित्याची खोड, क्रियापदं नीट आली का हे विचारलंच. एक-दोन चुकली म्हणाली. शेवटी मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी चिडलेल्या ग्राहकाचं सोंग घेतलं, टेबल आपटून आरडाओरडा केला, आणि हिने शांतपणे उत्तरं दिली.

"तुला भीती नाही वाटली?"

"छे हो मॅडम. दोन महिने तुमच्याकडे येतेय. ते साहेब फारच सौम्य होते."