लाकडी पट्टी आणि मी

मी मोटार बोलतेय. गांधीबागेच्या बाजारात चंपतरावांचं गणवेशाच्या कापडाचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीतल्या कापायच्या मशीनची मोटार. बोलायचं नव्हतं मला, पण जे कळलंय त्यानं मी पार हादरलेय.

माझं काम पावलं टाकायचं. स्क्रीनवर आकडा टाकला की मी तेवढी पावलं फिरते, रोलर कापड ओढतो आणि पातं खाली येतं. माझी ऐट काय विचारता! सांगितलेलं पाऊल मी चुकवणं शक्यच नाही, असं मला वाटे. स्क्रीनही तेच म्हणायची, कारण मी खरंच कुठवर पोचले ते तिला दिसतच नव्हतं. सांगितलेला आकडाच ती परत दाखवायची.

मशीन चालवायची हुडकेश्वरची कामिनी. चार वर्षं. कापलेला तुकडा ती घरून आणलेल्या लाकडी पट्टीनं मोजून बघायची. मला त्या पट्टीचा भारी राग यायचा.

मग काटोलच्या एका शाळेनं सगळा माल परत पाठवला. प्रत्येक तुकडा तीन बोटं कमी!

"काहून वं कामिनी, आकडा कोणता टाकला होता?" चंपतराव कडाडले.

"अडीच मीटरच टाकला जी. जाड कापड आलं की मशीन कमी ओढते. मी महिन्याभरापासून सांगून राहिली. तुम्हीच म्हणाले, स्क्रीनवर बरोबर आहे, चालू दे."

"म्हणजे एवढी मशीन खोटी अन् तुही लाकडाची पट्टी खरी?"

मी मनात म्हटलं, बरं झालं. हो, असंच म्हटलं मी! त्याच दुपारी कामिनी डबा घेऊन निघून गेली. कामावरून काढलं तिला. पट्टी कोपऱ्यातच राहिली.

तिच्या जागी मेघा आली. तुकडे तरीही कमीच. शेवटी अश्विन मिस्त्रीला बोलावलं. त्यानं माझ्या पाठीवर बिस्किटाएवढी एक डबी बसवली.

"हा एन्कोडर. मोटार खरंच किती फिरली, ते हा पाहते."

जाड खाकी कापडाचं थान लावलं. मी नेहमीच्या तोऱ्यात निघाले, आणि मशीन एकदम किंचाळून थांबली. लाल दिवा! अश्विननं वाकून वाचलं, "अडीचशे सेंटिमीटर सांगितले, दोनशे पंचेचाळीसच गेली. ओढ जास्त झाली की पावलं चुकवून राहिली हे."

मी? अरे देवा! जागच्या जागी गचके खात होते आणि त्यालाच पाऊल समजत होते! किती दिवस?

चंपतराव लाल दिव्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे कामिनी खरं सांगून राहिली होती."

त्यांनी फोन केला. दुसऱ्या दिवशी ती आली.

"चुकलं माह्यं," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "उद्यापासून ये वं कामावर."

"मी कामाले नाही आली जी. माही पट्टी न्यायले आली."

तिनं पट्टी उचलली, पदरानं पुसली. दारापर्यंत गेली, मग मागे फिरून ती मेघाच्या हातात दिली. "स्क्रीन काहीही म्हणो, तू मोजत जाय."

आता एन्कोडर माझं चुकलेलं पाऊल लगेच पकडतो आणि मी ते पुन्हा टाकते. तुकडे बरोबर येतात. तरीही मेघा, कितीही घाई असली तरी ती पट्टी खाली ठेवू नकोस गं. माझ्या शब्दावर एका बाईला घरी बसवलंय.