ताप उतरलाय

आमच्या अतिदक्षता विभागात वाईट बातमी फक्त मोठे सर देतात. असं कुठे लिहिलेलं नाही, पण रुजू झाल्या झाल्या प्रत्येकाला ते कळतं. नातेवाइकांशी बोलताना आम्ही ज्युनिअर डॉक्टरांनी जे सुधारलं असेल तेवढंच सांगायचं. बाकीचं सर आपल्या केबिनमध्ये, दार लावून, पाण्याचा ग्लास पुढे ठेवून सांगतात. त्यांना ते जमतंही छान. फक्त सर परिषदेला गेले की आमच्याकडे कुणाचंच काही वाईट चाललेलं नसतं.

आज सर परिषदेला गेलेले होते.

कंडक्टरकाका खिडकीजवळच्या खाटेवर होते. आयुष्यभर बसमध्ये तिकिटं फाडली, म्हणून हे नाव. घशात नळी घालण्याआधी ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक नर्सला "चला, पुढे सरका, मागे जागा द्या" म्हणून भंडावून सोडायचे. मला एकदा म्हणाले, "डॉक्टरबाई, आपला स्टॉप आला की उतरायचं. दांडीला लोंबकळत राहायचं नाही. मला उगाच धरून ठेवू नका हं." मी हसले आणि त्यांचं बीपी बघायला लागले. असलं काही ऐकलं की मला हमखास बीपी आठवतं.

आज सकाळी त्यांचं अंग गार लागलं. जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला, बीपी औषधांच्या जोरावर कसंबसं टिकवलेलं, आणि इतके दिवस फणफणलेला ताप एकदम गेलेला. अशा पेशंटचा ताप असा जातो तेव्हा शरीराने हात टेकलेले असतात. हे मला चांगलं ठाऊक आहे. सिस्टरलाही आहे. तिने त्यांच्या पायांवर आणखी एक ब्लँकेट टाकलं आणि माझ्याकडे बघितलं.

"काकू बाहेरच बसल्यात. सांगून टाका ना, मॅडम."

"सर आले की सांगतील."

"सर परवा येणार."

मी औषधाच्या पंपाचं बटण उगाच दाबून बघितलं.

भेटीच्या वेळेला काकू आत आल्या. आधी हात धुतले, चोळून चोळून, आम्ही शिकवलं होतं तसे. मग काकांच्या कपाळावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"अगंबाई! ताप उतरला की यांचा!"

"हो काकू," मी म्हणाले. "ताप उतरलाय."

खोटं काय होतं त्यात? थर्मामीटर लावून बघा.

"थोरला विचारत होता, निघू का म्हणून. त्याची नोकरी नवी, लगेच रजा मागायची म्हणजे साहेबांची बोलणी खायची. मग सांगू ना त्याला, रविवारी ये म्हणून? आणि मीही जरा घरी जाऊन अंघोळ करून येते. त्या बाकड्यावर बसून पाठीचा पार भुगा झालाय. जाऊ ना?"

इतकं सरळ विचारलं त्यांनी. एका शब्दाचं काम होतं. थांबा. थांबा, आणि थोरल्याला आत्ताच्या आत्ता निघायला सांगा. शब्द अगदी ओठांवर आला होता. मग डोळ्यांसमोर सरांचा चेहरा आला, 'तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?' असं विचारणारा.

"या जाऊन," मी म्हणाले.

काकू काकांच्या कानाशी वाकल्या. "ताप गेला हो तुमचा. आलेच मी."

दुपारी काकांचं हृदय थांबलं. अशा वेळी काय करायचं आणि काय नाही, हे घरच्यांशी कुणी बोललेलंच नव्हतं. त्यामुळे नियमाप्रमाणे सगळं करणं आलं. धरून ठेवू नका म्हणून ज्यांनी मला बजावलं होतं, त्यांच्याच छातीवर मी सगळा भार टाकून दाबत राहिले. हाताखाली बरगडी मोडलेली कळली. तरी दाबत राहिले. ते परत येतील असं तिथे कुणालाही वाटत नव्हतं. शेवटी मीच म्हणाले, "थांबा." तेव्हा मात्र तो शब्द सहज निघाला.

काकू आल्या तेव्हा त्यांचे केस ओले होते. हातात काकांचं दाढीचं सामान होतं. ताप गेलाय तर आता दाढी करायला हरकत नाही, असं त्यांना वाटलं असणार.

मी कॉरिडॉरमध्येच, उभ्या उभ्या सांगितलं. ना केबिन, ना पाण्याचा ग्लास. त्या मला वाट्टेल ते बोलतील असं वाटलं होतं. बोलायला हवं होतं त्यांनी. एक थोबाडीत दिली असती तरी मी निमूट खाल्ली असती. त्या नुसत्या बाकड्यावर बसल्या आणि त्यांनी थोरल्याला फोन लावला.

"बाबा गेले रे... नाही, नाही, तू असं मनाला लावून घेऊ नकोस. रविवारी ये म्हणून मीच सांगितलं ना तुला? अरे, कुणालाच कळलं नाही. डॉक्टरबाईंनासुद्धा नाही. सकाळी चांगला ताप उतरला होता, त्याच म्हणाल्या."

फोन ठेवून त्यांनी दाढीचं सामान मांडीवर घेतलं, सरकून माझ्यासाठी जागा केली आणि माझा हात धरला.

"बसा बाळा. तुम्हालाही धक्काच बसला असेल ना?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "हो."