डावी काच

पडद्यावर पहिली गाडी हवेत उडाली, तशी मधुसूदनरावांनी खिशातून वातींचा कापूस काढला, त्याचे दोन बोळे केले आणि कानांत घातले. शेजारी बसलेल्या भानुमतीबाईंना हसू आवरेना. घरून निघताना देवघराशी आपला नवरा एवढा वेळ काय करत होता, ते त्यांना आत्ता कळलं.

"अजून अडीच तास आहेत!" मधुसूदनराव गरजले. कानांत बोळे असल्यामुळे आपण किती मोठ्यानं बोलतोय याचा त्यांना पत्ता नव्हता. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

सिनेमाला येण्याची गळ भानुमतीबाईंनीच घातली होती आणि त्यामागचं कारण पोटात ठेवलं होतं. परवा त्यांना गोकुळचा फोन आला होता. सिल्लोडचा गोकुळ म्हणजे मधुसूदनरावांचा कॉलेजातला जिवाभावाचा मित्र. दोघांनी मिळून कितीतरी एकांकिका केल्या होत्या. मधुसूदनराव बँकेत चिकटले तरी नाटकं सुटली नव्हती. मग एका स्पर्धेच्या अगदी तोंडावर गोकुळ मुख्य भूमिका टाकून मुंबईला निघून गेला. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघालं की मधुसूदनराव टीव्हीचा आवाज वाढवत.

"वहिनी, त्याला तेवढा माझा पिक्चर दाखवा," गोकुळ फोनवर म्हणाला होता. "रविवारी गावाकडं चाललोय. मध्या व्हय म्हणला तर घरी येतो. नाय म्हणला तर बाहेरच्या बाहेर जातो सिल्लोडला. पण यावं असं लई वाटतंय हो."

त्या आवाजातली काकुळती भानुमतीबाईंच्या मनातून जात नव्हती. एकेकाळी या दोघांचं हसणं शेजारच्या गल्लीत ऐकू जायचं. नवऱ्याला तसं पोट धरून हसताना त्यांनी त्यानंतर पाहिलंच नव्हतं, आणि ते हसणं त्यांना परत हवं होतं.

सिनेमा असतो तसाच होता. नायक हेलिकॉप्टरमधून उडी मारायचा आणि उठून शर्टाची कॉलर नीट करायचा. गुंड एकेक करून मार खायला पुढे यायचे, बाकीचे शिस्तीत आपल्या पाळीची वाट बघायचे. मध्येच नायिका आली, बर्फात नाचली आणि गेली. मध्यंतरापर्यंत निम्म्या शहराच्या काचा फुटल्या होत्या.

त्यानंतर खलनायकाचा वकील आला. पोट सुटलेला, केस विरळ झालेला गोकुळ. चहूबाजूंनी बंदुका रोखलेल्या, आणि हा निवांत खुर्ची ओढून बसला. त्यानं चष्मा काढला. काचांवर तोंडाची वाफ सोडली, सदऱ्याचं टोक ओढून त्या पुसल्या आणि एक डोळा मिटून चष्मा उजेडाकडे धरला. मग डावी काच पुन्हा एकदा पुसली. सगळं थिएटर चिडीचूप. चष्मा चढवून तो सावकाश म्हणाला, "नाही जमणार."

थिएटरभर हशा आणि टाळ्या. भानुमतीबाईंनी मात्र पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं हे चष्मा पुसणं त्या संसारभर बघत आल्या होत्या. नवा फ्रिज घेऊ या का, मुलीला पुण्याला शिकायला पाठवू या का, कुठल्याही प्रश्नावर आधी ती वाफ, मग सदऱ्याचं टोक, मग ती डावी काच. बोलणं तुटलं, पण गोकुळनं हा माणूस किती जपून ठेवला होता! त्यांचे डोळे भरून आले.

त्यांनी हळूच शेजारी बघितलं. मधुसूदनराव पुढे सरकून बसले होते आणि कापसाचे बोळे त्यांच्या मुठीत होते.

खेळ सुटल्यावर दोघं मॉलबाहेर जालना रोडवर रिक्षासाठी उभे राहिले.

"कसा वाटला?" भानुमतीबाईंनी विचारलं.

"डोंबलाचा सिनेमा. त्या नायकाला बंदुकीत गोळ्या भरताना एकदा तरी दाखवायचं!"

"आणि वकील?"

मधुसूदनरावांनी मुठीतले बोळे खिशात टाकले.

"खाऊन टाकलं त्यानं सगळ्यांना," ते म्हणाले. "आपल्याकडं होता तेव्हा नुसते हातवारे करायचा. मी कानीकपाळी ओरडायचो, अरे, माणसं बघ, माणसं! ते चष्म्याचं बघितलंस? असलं मनानं रचता येत नाही. कुणाला तरी फार जवळून बघितलं असणार त्यानं."

"मग त्यालाच विचारा ना. रविवारी घरी यायचं म्हणतोय. तुम्ही हो म्हणालात तर."

एक ट्रक धुरळा उडवत गेला. मधुसूदनरावांनी चष्मा काढला. या घरात चष्मा निघाला की पुढे बहुतेक नकारच यायचा. वाफ सोडून झाली, सदऱ्याचं टोक ओढून झालं. त्यांनी एक डोळा मिटून चष्मा मॉलच्या पाटीच्या उजेडाकडे धरला. डावी काच पुन्हा पुसली.

"लाव फोन," ते म्हणाले.

पलीकडून "वहिनी" एवढं ऐकू आलं नाही तोच त्यांनी फोन आपल्या हातात घेतला.

"गोकुळ्या, मी बोलतोय. रविवारी जेवायलाच ये. पण आधी सांग, ते चष्म्याचं कुणाचं उचललंस रे?"

पलीकडे गोकुळचं हसू फुटलं, पूर्वीचंच, भानुमतीबाईंनाही स्वच्छ ऐकू येईल असं.

"हसतोस काय गाढवा? ओळखीचा वाटतोय मला तो माणूस. कुठंतरी बघितलाय मी त्याला!"

त्यावर गोकुळ आणखीच हसला. कशाला हसायचं ते न कळताच मधुसूदनरावही हसत सुटले, इतके की त्यांना पोट धरावं लागलं. रिक्षा येऊन उभी राहिली होती. भानुमतीबाईंनी हातानंच रिक्षावाल्याला जरा थांबायला सांगितलं.