आर्मासची वही

सायलानं तीन झेरॉक्स कागद बाकावर ठेवले, मुलांच्या ओल्या मोज्यांशेजारी, आणि विचारलं, "हे अक्षर तुमचंच ना, राइली?"

उजवीकडे झुकलेलं ते अक्षर राइलीचंच होतं.

बोथ्नियाच्या आखाताकाठच्या त्या गावातल्या पाळणाघरात राइलीला एकतीस वर्षं झाली होती. गावातल्या निम्म्या तरुणांची नाकं तिनं पुसलेली. पण ती मनापासून करायची ते काम म्हणजे मुलांकडे बघणं. प्रत्येक मुलाची एक वही असे. मूल चमचा कोणत्या हातात धरतं, पडल्यावर आधी कुणाकडे बघतं, दुसरं मूल रडलं की खेळ थांबवतं का, हे सगळं ती दुपारी लिहून काढी. तेव्हा मुलं, तिकडच्या रीतीप्रमाणे, अंगणातल्या बर्फात उबदार पांघरुणं घेऊन आपापल्या ढकलगाड्यांत गाढ झोपलेली असत. नव्या मुलींना ती सांगे, दिसलं ते लिहा, वाटलं ते लिहू नका.

सायलाचा आर्मास अडीच वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता. सायला हबकून गेली होती. राइलीनं तिला वही उघडून दाखवली. तो हवं ते बोटानं दाखवतो, सांगितलेलं सगळं त्याला समजतं, बाहुलीचं तोंड पुसून तिला लापशी भरवतो. शब्द वाटेत आहेत, राइली म्हणाली. दोन महिन्यांनी ते आले, आणि आल्यावर थांबेनात. तेव्हापासून सायला तिच्याजवळ सगळं बोलायची. नवरा यार्को घर सोडून गेला, तेही तिनं पहिल्यांदा राइलीलाच सांगितलं. ही वही कोण कोण वाचतं, असं तिनं तेव्हा एकदा विचारलं होतं.

"तू आणि मी," राइली म्हणाली होती. "आणि सिर्पा, ती प्रमुख म्हणून. बाकी कुणी नाही."

आता पहिल्या कागदावर राइलीनं आपलंच लिहिलेलं वाचलं. 'साडेचार. आई न्यायला आली. आर्मास कपाटामागे गेला. आईनं तीनदा हाक मारली. बाहेर आला नाही.'

"यार्कोच्या वकिलानं हे कोर्टात वाचून दाखवलं," सायला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मूल आईला घाबरतं म्हणे. परवापासून आर्मास बापाकडे, औलू शहरात. मला महिन्यातून दोन शनिवार-रविवार."

राइलीनं कागद उलटसुलट करून पाहिले. मजकूर इथे संपतच नव्हता. वहीत पान उलटलं की पुढे होतं, 'आई म्हणाली, आर्मास कुठे हरवला बरं? कपाटामागून हसू आलं. आपण दिसत नसलो तरी आई आपल्याला शोधते आहे, हे त्याला कळलंय. आज पहिल्यांदाच ठरवून लपला.' त्या दिवशी राइलीला कोण आनंद झाला होता.

"पुढचं पान कुठंय?"

"ते मी तुम्हाला विचारायचं की तुम्ही मला?" सायला म्हणाली आणि तिसरा कागद पुढे सरकवला. 'आईचे डोळे सुजलेले. आर्मासच्या अंगात कालचेच कपडे.' या मजकुरातलं काहीही कुणी गाळलेलं नव्हतं. त्या नोंदीच्या दिवशी सकाळी सायला, याच बाकावर, राइलीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती.

"मी तुमच्यापाशी रडले, आणि तुम्ही जाऊन लिहून ठेवलंत?"

सायला तिन्ही कागद तिथेच टाकून गेली.

सिर्पा आणि राइली एकाच वर्षी नोकरीला लागल्या होत्या. गुरुवारी दोघी मिळून सौना, म्हणजे वाफ घ्यायची लाकडी खोली, तापवत, ऑगस्टमध्ये एकाच बादलीत रानातल्या बेरी गोळा करत. कपाटामागच्या लपण्याची गोष्ट राइलीनं तिला त्याच दिवशी कॉफीवर सांगितली होती आणि सिर्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. त्यामुळे राइली ते कागद घेऊन समोर उभी राहिली, तेव्हा चुकून राहिलं, असं म्हणायला सिर्पाला जागाच नव्हती. ती म्हणालीही नाही.

"वकिलानं मागितलं, मी दिलं. नियमच आहे तसा."

"मधलं पान काढून द्यायचा नियम?"

सिर्पानं कपातला चमचा बशीत ठेवला. "पालिकेकडे सायलानं माझी तक्रार केली होती, इथं माणसं कमी आहेत म्हणून. माझी नोकरी जाता जाता वाचली. तू विसरलीस, मी नाही विसरले."

"तक्रार आर्मासनं केली होती का गं?"

"बापाकडे काही उपाशी नाही राहणार तो," सिर्पा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी राइली मूळ वही घेऊन बसनं जिल्ह्याच्या गावी, कोर्टाच्या कचेरीत गेली. निकालावर अपील होऊ शकतं, असं तिथल्या कारकुनानं सांगितलं. तिनं जबानी लिहून दिली. तिच्यात सिर्पाचं नाव होतं, गाळलेल्या पानाचा सगळा मजकूर होता, आणि सुजलेल्या डोळ्यांची ओळ मुलाविषयी नव्हती, ती मी लिहायला नको होती, हेही होतं. सिर्पाला लेखी समज मिळाली. राइलीच्या टेबलावर जेवायला कुणी बसेनासं झालं. गुरुवारी ती एकटीच सौना तापवू लागली, पुढे तेही सोडलं.

अपिलाला नऊ महिने लागले. वरच्या कोर्टानं ते पान ग्राह्य धरलं. पण एव्हाना मूल औलूत रुळलं होतं, आणि इतक्या लहान वयात त्याला पुन्हा हलवणं बरं नव्हे, असा निर्णय दिला. राइलीनं तो दोनदा वाचला. दुसऱ्या कुणाच्या मुलाबद्दल तिला विचारलं असतं, तर तिनंही हेच सांगितलं असतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ती दुकानातून बाहेर पडत होती, तेव्हा समोरून सायला आली, हाताशी आर्मास. राइली बाजूला झाली आणि दार धरून उभी राहिली. सायला समोर बघत आत गेली. आर्मास मात्र उंबऱ्यावर थांबला. चार वर्षं दोन महिने, राइलीनं मनात मोजलं. उंची चांगली वाढली होती. हातमोजे त्यानं स्वतःच घातले असावेत, डावा-उजवा बरोबर होता. त्यानं मान वर करून तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि अनोळखी माणसाशी बोलायला शिकवलेलं असतं तसं, एकेक अक्षर स्पष्ट उच्चारत म्हणाला, "आभारी आहे."

"सावकाश हं," ती म्हणाली. "पायरी निसरडी आहे."

तो आत गेला. गार वारा दुकानात शिरत होता. गल्ल्यावरच्या मुलीनं मान वर करून पाहिलं, तेव्हा राइलीनं दार सोडलं.