कागदाची मागची बाजू

निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हॉयट टिडमोरनं रेडिओ बंद केला आणि मक्याच्या कण्यांची बशी तशीच पुढे ढकलली. आमच्याकडे न्यायाधीशही मतांनीच निवडले जातात, आणि जज स्नेलग्रोव हरले होते. चोवीस वर्षं टॅलो काउंटीच्या कोर्टात बसलेला माणूस. लाच सोडाच, साध्या उद्धटपणाचीही तक्रार त्यांच्याविरुद्ध कधी आली नव्हती. आणि निवडून कोण आला, तर ब्रॅड कलपेपर! या वकिलानं जन्मभर जमिनीची खरेदीखतं केली, खटला म्हणून एकही चालवला नाही.

हॉयटच्या तोंडाची चव जायला कारणही तसंच होतं. त्याची वारलेली बायको व्हर्लीन ही सायलम चर्चच्या जुन्या दफनभूमीत होती, आणि तिथं जाणारा रस्ता जंगलातून होता. ते जंगल एका लाकूड कंपनीनं विकत घेतलं, शिकाऱ्यांना भाड्यानं दिलं आणि रस्त्यावर लोखंडी फाटक बसवून कुलूप ठोकलं. हॉयट आणि चर्चची मंडळी कोर्टात गेली. स्नेलग्रोवांनी काय करावं? रबरी बूट घातले, मैलभर चिखल तुडवत स्वतः तिथवर गेले, एकेका कबरीवरचा दगड वाचला आणि शेवटचा निकाल लागेपर्यंत फाटक उघडं ठेवायचा हुकूम दिला. तेव्हापासून दर रविवारी प्रार्थना झाली की हॉयट गाडी थेट कबरीपाशी नेई आणि व्हर्लीनला आठवड्याच्या बातम्या सांगत तासभर बसे. चाळीस वर्षांची सवय, ती मेली म्हणून थोडीच सुटते.

शेवटची सुनावणी फेब्रुवारीत होती. आता ती कलपेपरसमोर होणार होती.

मतदान गावच्या अग्निशमन केंद्रात झालं होतं आणि आकडे तिथल्या दारावर लावले होते. हॉयट चष्मा घालून वाचायला गेला. त्यांच्या केंद्रावर दोनशे चौदा मतं पडली होती. त्यातली स्नेलग्रोवांना अडतीस.

याच लोकांचे आईबाप त्या फाटकामागे निजलेत, आणि यांनीच जजचा गळा कापला? घरभेदी कोण असतील, याचा तो मनात हिशेब मांडू लागला. पहिलं नाव आलं क्लिऑन बॅट्सचं. शिकारी कुत्र्यावरून नऊ वर्षांपूर्वी दोघांचं बिनसलं होतं, तेव्हापासून हा माणूस काहीही करेल असं हॉयटचं ठाम मत होतं. पशुखाद्याच्या दुकानात क्लिऑननं हात पुढे केला, तर हॉयटनं चारचौघांत तोंड फिरवलं.

गुरुवारी काकवीची बरणी घेऊन तो जजना भेटायला कोर्टात गेला. स्नेलग्रोव पुस्तकं खोक्यात भरत होते. हॉयटनं बरणी टेबलावर ठेवली आणि मनात साठलेलं सगळं ओकून टाकलं: लोक कसे कृतघ्न, क्लिऑन कसा आतल्या गाठीचा, खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात. जज पुस्तकं भरतच राहिले.

"मी मात्र तुमच्याच बाजूचा हं, जजसाहेब," हॉयट शेवटी म्हणाला. "सकाळी सातला रांगेत पहिला उभा होतो."

"मिस्टर हॉयट, राग मानू नका, एक विचारतो. मत कसं दिलंत?"

"कसं म्हणजे? नेहमीसारखं. वरचा गोल भरला, कागद यंत्रात सारला, बाहेर. अर्धं मिनिट नाही लागत मला."

आमच्याकडचा मतदानाचा कागद हातभर लांब असतो आणि दोन्ही बाजूंनी छापलेला असतो. राज्यपालापासून प्रेत तपासणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत सगळे त्यात. पण अगदी वर पक्षांची नावं असतात आणि प्रत्येकापुढे एक गोल. तो एक भरला की खालचे सगळे आपोआप त्या पक्षाचे. हॉयट हत्तीचं चिन्ह असलेल्या पक्षाचा गोल भरत आला होता. जज स्नेलग्रोव उभे होते समोरच्या, गाढवाचं चिन्ह असलेल्या पक्षाकडून.

"मी कागदाच्या मागच्या बाजूला होतो," जज म्हणाले. "वरचा गोल भरल्यावरही माझ्या नावापुढे एक ठिपका दिला असता, तरी ते मत माझं धरलं असतं. पण त्यासाठी कागद उलटावा लागतो."

हॉयटनं खुर्ची ओढली आणि बसला. मग तो पुटपुटला, "पण मी तर चोवीस वर्षं तुम्हालाच..."

"नाही हो. पहिल्यांदा मी आलो तेव्हा इथं गाढवाचा जोर होता. तुमच्या वडिलांप्रमाणे तुम्हीही तेव्हा तोच गोल भरत होतात. मधल्या तीन खेपा माझ्यासमोर कोणी उभंच राहिलं नाही. चोवीस वर्षांत तुम्ही मला एकदाही मत दिलेलं नाही, मिस्टर हॉयट. आधी माझ्या पक्षाला दिलंत, मग दुसऱ्याच्या."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि हॉयटला तेच जास्त लागलं. जज खिडकीकडे बघत पुढे म्हणाले, "आणि मी तरी कोण मोठा लागून गेलो? तेव्हा माझ्यासमोर एक म्हातारे न्यायाधीश होते, हत्तीवाले. माझ्यापेक्षा दसपट शहाणे. मी त्यांना त्याच गोलावर पाडलं. तुम्हाला सांगतो, तेव्हा मला वाटलं होतं की लोकांनी माझी लायकी ओळखली."

खुर्ची सोडण्याआधी फाटकाचा निकाल देऊन टाका, अशी हॉयटनं गयावया केली. जजनी नकारार्थी मान हलवली. त्या रस्त्याच्या जमीनमोजणीचा नकाशा फेब्रुवारीत यायचा होता आणि त्यांची खुर्ची जानेवारीत जात होती. नकाशाशिवाय दिलेला निकाल वरच्या कोर्टात एक दिवस टिकला नसता.

कलपेपर दुष्ट माणूस नव्हता. त्यानं कंपनीच्या वकिलाचे तीस छापील कागद वाचले, त्याला ते पटले, आणि अकरा मिनिटांत निकाल दिला. फाटकाला कुलूप राहील. ज्यांना कबरीला जायचं असेल त्यांनी पंधरा दिवस आधी लेखी परवानगी मागावी आणि ओढ्याकडच्या वाटेनं पायी जावं. ती वाट गुडघाभर चिखलाची. हॉयट चौऱ्याहत्तर वर्षांचा, कंबरेत लोखंडी सळी. चिखल तुडवून बघायला बूट घालावे लागतात, हे कलपेपरला कोण सांगणार?

मे महिन्यात कबरी सजवायचा रविवार आला. बायकांनी तळलेली कोंबडी, बटाट्याचं सॅलड, पीच फळाची गोड पाई असं सगळं नेहमीसारखं आणलं, पण टेबलं मांडली फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला. परवानगीचा अर्ज उशिरा गेला म्हणून नाकारला होता. फुलांच्या टोपल्या गाड्यांतच राहिल्या. पास्टरनी कंपनीला शिव्याशाप दिले, मंडळींनी कलपेपरचा उद्धार केला. तेव्हा हॉयट काठी टेकत उभा राहिला.

"कंपनीला कशाला बोलता? हे कुलूप मी लावलंय," तो म्हणाला. "वरचा गोल भरून लावलंय. आता खरं सांगा, देवाची शपथ आहे, नोव्हेंबरात कागद कोणी कोणी उलटला होता?"

साठएक माणसं होती. कोणी बशीत बघू लागलं, कोणी झाडाकडे. हात वर झाले फक्त चार, आणि त्यातला एक क्लिऑन बॅट्सचा होता.

हॉयट त्याच्यापाशी गेला. सगळ्यांदेखत त्याची माफी मागितली आणि हात पुढे केला. क्लिऑननं तो घेतला, पण हसला नाही. त्याचीही आई आतच होती.

वाचकहो, शेजारच्या काउंटीत त्याच निवडणुकीत नेमकं उलट घडलं. तिथं हत्तीवाली एक सचोटीची न्यायाधीश गाढवाच्या लाटेत वाहून गेली. तेव्हा दोष या प्राण्याचा की त्या, हा वाद घालत बसू नका. आपल्या निष्ठेचा आपल्याला फार अभिमान असतो, पण बहुतेक वेळा ती निष्ठा म्हणजे वाचायचा आळसच असतो. चिन्ह कुठलंही असो, ज्याच्यापुढे उद्या आपल्याला हात जोडून उभं राहायचं आहे त्याचं नाव एकदा वाचा, त्यानं काय केलंय ते आठवा आणि मग खूण करा. दोन मिनिटं जास्त लागतील. मागचा माणूस रांगेत कुरकुरेल, कुरकुरू द्या!

हॉयट आता घरोघर हेच सांगत फिरतो. न्यायाधीशाची पुढची निवडणूक सहा वर्षांनी आहे. तेव्हा तो ऐंशीचा होईल. तोवर व्हर्लीनला भेटायचं, तर पंधरा दिवस आधी अर्ज करावा लागेल.