धोबिणीची खिडकी

किल्ल्यावर दोन जावा वाटाड्या होत्या. थोरलीनं इतिहासाची पदवी घेतली होती, आणि गडाचा चिरा न् चिरा तिला पाठ होता. कुठला बुरूज आधीचा, कुठला नंतरचा, कुठल्या दरवाज्याची कमान दुसऱ्यांदा बांधली, हे ती झोपेतूनही सांगे. बरीच वर्षं तिच्याखेरीज कुणी वाटाड्या नव्हतंच. मग धाकट्या दिराचं लग्न झालं, धाकटी घरात आली, आणि घरात बसून कंटाळा येतो म्हणून किल्ल्यावरही आली.

धाकटीला इतिहास थोरलीनंच शिकवला, तोही चार दिवसांत, घाईघाईत. पण बाई बोलायला लागली की माणसं जागची हलत नसत. किल्लेदाराचा घोगरा आवाज काढी, वेढा घालणाऱ्या सरदाराची ऐट दाखवी. महिन्याभरात दरवाज्यापाशी लोक विचारू लागले, "त्या हसऱ्या बाई आहेत का आज?" थोरली म्हणे, "मीही वाटाड्याच आहे." तर म्हणत, "असू द्या, आम्ही थांबतो."

हे 'असू द्या' तिच्या काळजात सलत राही. घरी तर आणखीच तऱ्हा. सासूबाई जेवताना धाकटीला किल्लेदार करून दाखवायला लावत आणि हसून हसून त्यांना ठसका लागे. थोरलीचा नवरा एकदा म्हणाला, "तू सांगतेस ते खरं असतं गं, पण ऐकताना परीक्षेला बसल्यासारखं वाटतं." सगळे हसले. थोरलीही हसली, आणि भांडी घासताना तिनं अशी आदळआपट केली की कढईचा कान तुटला.

त्याच सुमारास कळलं, की किल्ल्यांची देखभाल करणाऱ्या खात्याच्या तपासनीस बाई लवकरच येणार आणि वाटाडे काय सांगतात ते स्वतः ऐकणार. थोरलीच्या डोक्यात किडा वळवळला.

"तुला एक गोष्ट सांगायची राहिलीच," ती धाकटीला म्हणाली. दोघी पश्चिमेच्या तटावर उभ्या होत्या. "वेढा पडला तेव्हा गडावरचं टाकं आटलं. प्यायला पाणी उरलं नाही. तेव्हा किल्लेदाराच्या धोबिणीनं काय करावं? ती रोज सकाळी या खिडकीतून कोरड्या चादरी बाहेर वाळत टाकायची. खालच्या फौजेला वाटायचं, यांच्याकडे धुणं धुण्याइतकं पाणी आहे, मग कसले हे शरण येतात! तिच्या चादरींवर गड कितीतरी दिवस तगला."

यातलं टाकं आटलं तेवढं खरं. धोबीण थोरलीनं तिथंच उभ्या उभ्या रचली होती. आणि ती खिडकी वेढ्यानंतर शंभर वर्षांनी तटात नव्यानं काढलेली. जाणत्या माणसाला एका नजरेत कळावं, अशी.

धाकटीचे डोळे भरून आले. "ताई, एवढी मोठी गोष्ट तुम्ही मला दिलीत!" असं म्हणून तिनं थोरलीचा हात धरला. थोरलीनं तो हळूच सोडवून घेतला.

पण तपासनीस बाईंचं येणं लांबलं, आणि मधल्या काळात धोबीण गाजली. बायका खिडकीपाशी उभ्या राहून फोटो काढून घेऊ लागल्या. एका शाळेनं त्यावर नाटक बसवलं. थोरलीच्या गटातली माणसंसुद्धा तटाची रुंदी ऐकताना मधेच विचारत, "ते राहू द्या, धोबिणीची खिडकी कुठंय?" आणि थोरलीला बोट करून दाखवावी लागे. तिचा नुसता जळफळाट होई. लेकरू हिचं, कौतुक तिचं! सांगायची सोय नाही, सोसायची ताकद नाही.

शेवटी तपासनीस बाई आल्या. शांत, चष्म्यावरून बघत बोलणाऱ्या. धाकटीच्या गटात गुपचूप सामील झाल्या. थोरलीनं त्यांना ओळखलं आणि ती मुद्दाम मागे मागे राहिली. तिला धाकटीचा पडलेला चेहरा बघायचा होता.

गोष्ट संपली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते पांगल्यावर बाईंनी खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. "ही वेढ्याच्या वेळी नव्हतीच. ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?"

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. क्षणभरच. तेवढ्यात तिला सगळं कळलं असावं, कारण तिचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली, "कुणी नाही. मीच रचली."

थोरलीला जे हवं होतं ते झालं होतं. पण बाई चक्क हसल्या. "खोटी आहे, आणि उद्यापासून बंद. पण रचली आहे फार छान हो. कोरड्या चादरी! डोकं आहे तुम्हाला."

आता मात्र थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "तिनं नाही रचली!" ती ओरडली. "मी रचली. धोबीण माझी आहे."

"मग यांना खरी म्हणून का सांगितलीत?"

थोरलीला खोटं सुचेना. "ती पकडली जावी म्हणून," ती म्हणाली.

थोरलीचा वाटाड्याचा बिल्ला तिथल्या तिथं काढून घेतला गेला. तिला तिकीट खिडकीवर बसवलं.

घरी धाकटी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही मला आपली मानलीत."

"तू माझं नाव का नाही घेतलंस?"

"घरातलं माणूस बाहेर उघडं पाडायचं नसतं, असं मला वाटतं." मग भाजीचं ताट बाजूला सारून ती म्हणाली, "आता मला नीट शिकवा. सगळं खरं. तुमच्याइतकं कुणाला येत नाही, आणि तुम्ही मला चार दिवसांत गुंडाळलंत."

थोरलीनं शिकवलं. मन लावून शिकवलं. यावेळी काही लपवलं नाही. शिकवताना मत्सर कुठं गेला नव्हता. तो शेजारी मांडी घालून बसलेलाच असे.

पुढं एका दुपारी गर्दी नव्हती, म्हणून ती तिकीट खिडकी बंद करून वर गेली आणि लोकांमागे उभी राहिली. धाकटी गड पडला तो दिवस सांगत होती. धोबीण नाही, चादरी नाहीत. टाकं आटलं, किल्लेदारानं किल्ल्या दिल्या, आणि शिपाई आपापली भांडी डोक्यावर घेऊन रांगेनं खाली उतरले. थोरलीनं हे वाक्य अनेक वर्षं सांगितलं होतं, शब्दाचाही फरक नव्हता. पण थोरली सांगे तेव्हा कुणी असं गप्प झालं नव्हतं.

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. शिपायांसाठी आलं, की आपल्याला हे कधी जमलं नाही म्हणून आलं, हे तिचं तिलाही कळलं नाही. धाकटीनं तिला पाहिलं आणि लोकांना म्हणाली, "तटाबद्दल काही विचारायचं असेल तर माझ्या जाऊबाईंना विचारा. त्या मागे उभ्या आहेत."

सगळे वळले. थोरलीनं पदरानं डोळे पुसले. "विचारा," ती म्हणाली.

एका म्हातारबाबांनी तटाची रुंदी विचारली.